पैसे कापले, पावती आली नाही: स्वाइप मशीनच्या नेहमीच्या अडचणीचे निवारण

गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो, काउंटरवरचे स्वाइप मशीन मात्र ‘टाइम-आऊट’ किंवा ‘नो रिस्पॉन्स’ एवढेच दाखवते, पावती निघत नाही आणि पुढे काय करायचे हे ना गिऱ्हाइकाला कळते ना दुकानदाराला. नागपुरात इतवारीतील होजिअरीचे दुकान असो, सक्करदऱ्यातील औषधांचे दुकान असो की गोकुळपेठेतील बेकरी, ही तक्रार सगळीकडे जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. क्वचित घडले तर कोणी मनावर घेत नाही; पण तेच दर दोन-चार दिवसांनी घडू लागले तर ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्यावर भागत नाही. त्या वाक्याने गिऱ्हाइकाची बोळवण होते, कारण मात्र जागच्या जागी राहते. वारंवार होणाऱ्या या अडचणीमागे बहुधा एखादे ठरावीक कारण असते आणि ते शोधून काढण्याचे बरेचसे साहित्य दुकानातच पडलेले असते.

मशीनवरच्या व्यवहाराचे निकाल दोन नसून तीन असतात, हे आधी लक्षात घ्यावे. व्यवहार मंजूर होतो, नाकारला जातो किंवा अनिर्णित राहतो. टाइम-आऊट हा तिसरा प्रकार आहे. गल्ल्यावर बसणारा माणूस त्याला नकार समजतो आणि तेच कार्ड पुन्हा लावतो, आणि एकाच साडीचे दोनदा पैसे कापले जाण्याच्या तक्रारी बहुतांशी येथेच जन्म घेतात.

कार्ड लावल्यावर मशीनमधून निघालेला निरोप आधी दुकानदाराला मशीन देणाऱ्या बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे जातो, तेथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्या जाळ्यात शिरतो आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या बँकेपर्यंत पोहोचतो. ती बँक खात्यातील शिल्लक व पिन तपासून उत्तर देते आणि ते उत्तर त्याच वाटेने माघारी येते. निरोप जातानाच वाट तुटली तर पैसे कापलेच जात नाहीत. उत्तर येताना तुटली तर पैसे कापले जातात, पण पावती निघत नाही. या दोहोंपैकी नेमके काय घडले, हे मशीनला स्वतःहून कळण्याचा मार्ग नसतो. त्याला एवढेच कळते की ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. म्हणून बहुतेक मशीन अशा व्यवहाराची ‘रिव्हर्सल’ म्हणून नोंद करून ठेवतात आणि संपर्क पुन्हा जुळला की पुढच्या व्यवहाराच्या आधी तो उलटवण्याचा निरोप धाडतात. आता मशीन अडकले म्हणून बॅटरी काढली, ते बाजूला ठेवले आणि शेजारच्या दुसऱ्या मशीनवर दिवसभर धंदा केला, तर पहिल्या मशीनमधला तो निरोप आतच पडून राहतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे अधांतरी राहतात. अडकलेल्या मशीनला आधी नेटवर्कमध्ये आणणे, हाच पहिला उपाय आहे.

त्या क्षणी काउंटरवर काय करावे

बॅटरी काढू नये आणि कार्ड पुन्हा लावू नये. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील नेटवर्कचे चिन्ह पाहावे. ते नसेल तर मशीन दाराशी न्यावे किंवा सिमवरून वायफायवर, वायफायवरून सिमवर आणावे. मग मेनूमधून शेवटच्या व्यवहाराची स्थिती पाहावी. कंपनीनुसार हा पर्याय ‘लास्ट ट्रान्झॅक्शन’, ‘स्टेटस’, ‘रिप्रिंट’ किंवा ‘डुप्लिकेट स्लिप’ अशा नावांखाली सापडतो. गर्दी नसताना नोकराकडून तो एकदा शोधून घेतलेला बरा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी बर्डीवरच्या दुकानात मेनू शिकत बसता येत नाही.

स्थिती ‘मंजूर’ दिसली तर डुप्लिकेट पावती काढावी आणि माल द्यावा, विषय संपला. ‘नाकारला’ किंवा ‘रिव्हर्स’ दिसली तर दुसऱ्या मार्गाने पैसे घ्यावेत आणि बिलाच्या मागे वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक व ‘पहिला व्यवहार अयशस्वी’ असा शेरा लिहून सही करून द्यावी. कापलेले पैसे गिऱ्हाइकाला त्याच्या बँकेकडूनच परत मिळतात. दुकानदाराने ते गल्ल्यातून देऊ नयेत, कारण ते त्याच्याकडे आलेलेच नसतात. स्थिती काहीच सांगत नसेल तर मशीन कंपनीच्या मदत क्रमांकावर टर्मिनल क्रमांक (मशीनचा ओळख क्रमांक) सांगून विचारावे. तेवढा वेळ नसेल आणि गिऱ्हाईक रोजचे असेल, तर रक्कम उधारीच्या वहीत मांडून संध्याकाळी बॅच, म्हणजे मशीनमधली दिवसभराच्या व्यवहारांची यादी, पाहून हिशेब मिटवणे सर्वांत सोपे. अनोळखी गिऱ्हाइकाबाबत मात्र त्याच्या मोबाइलवरच्या मेसेजवर माल देऊ नये. तो खोटे बोलत असेल म्हणून हे म्हणत नाही. मेसेज खरा असूनही व्यवहार थोड्या वेळात उलटू शकतो आणि तेव्हा दुकानदाराच्या हाती काहीच उरत नाही. मशीनच्या पडद्यावर क्यूआर दाखवून घेतलेल्या यूपीआय पेमेंटलाही हेच लागू आहे: गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट पाहून ठरवू नये, मशीनवर किंवा साउंडबॉक्सवर खात्री झाली तरच व्यवहार पूर्ण समजावा.

पैसे परत येण्याची मुदतही गिऱ्हाइकाला सांगता आली पाहिजे, म्हणजे आवाज चढत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानातील मशीनवर खात्यातून पैसे कापले गेले पण पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळायला हवी आणि ती मागितल्याशिवाय द्यायची आहे. हा नियम १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे, आणि यूपीआयने दुकानदाराला केलेल्या पेमेंटची मुदतही तितकीच आहे. एवढी दोन वाक्ये छापून काउंटरच्या काचेखाली ठेवली तर निम्मे वाद तेथेच थांबतात.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे

ही अडचण पुन:पुन्हा येत असेल तर गल्ल्याजवळ एक वही ठेवावी आणि प्रत्येक फसलेल्या व्यवहाराची वेळ, रक्कम, कार्ड कोणत्या बँकेचे, चिप लावली की नुसते टेकवले, मशीन सिमवर होते की वायफायवर, आणि पडद्यावर आलेला संदेश अगर क्रमांक जसाच्या तसा, एवढे लिहावे. थोड्याच दिवसांत वही बोलू लागते. सगळ्याच बँकांची कार्डे अडकत असतील तर दोष आपल्या नेटवर्कमध्ये किंवा मशीन देणाऱ्या कंपनीकडे आहे. एकाच बँकेची कार्डे अडकत असतील आणि बाकीची सुरळीत चालत असतील तर मशीन निर्दोष आहे. त्या बँकेची यंत्रणा थकलेली आहे आणि तेवढ्यापुरते दुसरे कार्ड मागणे हाच मार्ग. ठरावीक वेळीच अडकत असतील तर त्या वेळी दुकानात किंवा बाजारात काय बदलते ते पाहावे.

पडद्यावरचे क्रमांकही बरेच सांगतात. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे चुकीचा पिन मर्यादेपेक्षा जास्त वेळा टाकला गेला. ६१ आला तर कार्डाची मर्यादा ओलांडली गेली आहे. ५७ म्हणजे त्या कार्डावर अशा व्यवहाराला परवानगी नाही. गिऱ्हाइकाने बँकेच्या ॲपमधून दुकानातील वापर किंवा टेकवून पैसे देण्याची सोय बंद ठेवली असेल तर असे होते आणि तो ती तेथल्या तेथे सुरू करू शकतो. ०५ हा सर्वांत मोघम क्रमांक: बँकेने नकार दिला आहे, कारण सांगितलेले नाही. हे सारे स्पष्ट नकार आहेत, त्यांत पैसे अडकत नाहीत आणि कंपनीच्या माणसाला बोलावून उपयोग नसतो. ९१ म्हणजे गिऱ्हाइकाची बँक किंवा मधला दुवा बंद आहे आणि ६८ म्हणजे उत्तर उशिरा आले. हे दोन वहीत लाल शाईने लिहावेत.

टेकवून पैसे देताना ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यापुढे लागतो. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे, त्याआधी ती २,००० होती. पिन लागतो तेव्हा मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. ‘पिन सांगा’ असे गर्दीत ओरडून विचारण्याची आणि स्वतः आकडे दाबण्याची जी सवय आपल्याकडच्या काही दुकानांत पडली आहे ती धोक्याची आहे, आणि चुकीच्या पिनमुळे बंद पडणाऱ्या कार्डांतला एक वाटा तिचाही आहे.

नागपूरच्या दुकानांतील नेटवर्क

इतवारी, महाल, गांधीबाग येथील जुनी दुकाने अरुंद आणि खोल आहेत. गल्ला मागे, भिंती जाड, वर माळा, आणि उन्हाळ्यात दुपारी लोखंडी शटर अर्धे खाली. लोखंड मोबाइलच्या लहरी अडवते. दुपारी एक ते चारमध्येच टाइम-आऊट येतात असे वहीत दिसले तर कंपनीला फोन करण्याआधी शटर वर करून पाहावे. टिनाच्या शेडमधील आणि तळघरातील दुकानांचीही गत हीच. अशा जागी मशीन सिमवर ठेवण्याचा हट्ट न धरता वायफायवर ठेवावे; मात्र पुष्कळ जुनी मशीन २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय पकडतात, त्यामुळे राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल तर मशीनला ते दिसतच नाही. राउटर आणि मशीनचा चार्जर एकाच छोट्या इन्व्हर्टरवर असावेत, नाहीतर वीज जाताच मशीन चालू आणि वायफाय बंद अशी स्थिती येते आणि नेमका त्या क्षणीचा व्यवहार लटकतो.

दारात मोबाइलला भरपूर रेंज आहे म्हणून मशीनलाही असेलच असे नाही. मशीनमधले सिम वेगळ्या कंपनीचे असते आणि मशीन जुने असेल तर ते केवळ टूजीवर चालत असण्याची शक्यता असते. दोन सिमची सोय असलेले किंवा फोरजी मशीन बदलून मागण्याचा हक्क करारात असतो की नाही ते पाहून घ्यावे. भाडे आपण देत असतो.

गर्दीचे दिवस हा वेगळा प्रकार आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा किंवा दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंचा समुदाय जमतो तेव्हा एकाच टॉवरवर इतके मोबाइल येतात, की रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असूनही माहिती पुढे सरकत नाही. दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्यांना याची चांगली ओळख असेल. अशा दिवशी कार्ड घ्यायचेच असेल तर मोठ्या बिलांपुरते घ्यावे, प्रत्येक व्यवहार पूर्ण झाल्याची खात्री करूनच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळावे आणि सुट्टे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवावेत. मशीन दुकानाबाहेर स्टॉलवर न्यायचे असेल तर कंपनीला आधी कळवावे, कारण मशीन नोंदणीच्या पत्त्याशी जोडलेले असते आणि जागा बदलली की काही कंपन्या ते रोखून धरतात.

ऊन, कूलर आणि कागद

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दर्शनी काउंटरवर, काचेतून येणाऱ्या उन्हात ठेवलेले मशीन त्याहून तापते. लिथियम बॅटरी एवढ्या उष्णतेत चार्ज होत नाही, फुगते किंवा व्यवहाराच्या मध्येच दम सोडते. चार्जिंगचे चिन्ह दिसूनही टक्केवारी वाढत नसेल तर मशीन सावलीत घेऊन थंड होऊ द्यावे. मात्र त्यासाठी ते कूलरच्या झोताखाली ठेवू नये. कूलरची हवा दमट असते, तीबरोबर पाण्यातले क्षार आणि वाळ्याचा भुसा येतो, आणि चिप वाचणाऱ्या खाचेतले संपर्कबिंदू त्याने खराब होतात. ‘चिप रीड एरर’ वाढले की खाच साफ करण्याचे तयार कार्ड वापरावे. ओले फडके, स्पिरिट किंवा फुंकर यांपैकी काही नको. आणि मशीन स्क्रू काढून उघडू तर मुळीच नये. आत छेडछाड झाल्याचा सुगावा लागताच त्यातील सुरक्षेच्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात, पडद्यावर ‘टॅम्पर’ असे येते आणि मग मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे त्यावर इलाज नसतो. मशीनच बदलावे लागते.

कागदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण निम्म्या वेळा ‘पावती आली नाही’ याचा अर्थ एवढाच असतो की कागद संपला होता किंवा रोल उलटा बसवला होता. व्यवहार मंजूर झालेला असतो, कोरी पट्टी बाहेर येते, आणि नोकर पुन्हा कार्ड मागतो. या थर्मल कागदाला एकाच बाजूने लेप असतो. नखाने ओरखडा काढला की ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती बाजू छपाईच्या पट्टीकडे हवी. पावत्यांची शाई उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात उडून जाते, म्हणून वादातल्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढावा आणि मूळ कागद साध्या कागदी लिफाफ्यात ठेवावा.

संध्याकाळचा हिशेब

काही मशीनमध्ये बॅच रात्री आपोआप बंद होते, काहींत दुकानदाराला ‘सेटलमेंट’ दाबावे लागते. दुसऱ्या प्रकारात ते दाबायचे राहिले तर मंजूर झालेले व्यवहारही मशीनमध्येच पडून राहतात आणि पैसे खात्यात येत नाहीत. नेटवर्क नसताना दाबले तर सेटलमेंटही अर्धवट राहते. म्हणून सेटलमेंटची पावती निघाली की नाही ते पाहूनच शटर ओढावे. एखादा व्यवहार चुकून दोनदा झाला असेल तर सेटलमेंटच्या आधी तो ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द करता येतो, नंतर ‘रिफंड’ करावा लागतो आणि त्याला अधिक दिवस लागतात. दोन्ही वेळी पैसे त्याच कार्डावर परत जावेत; रोख परत देऊ नये, नाहीतर पुढे गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केली तर तेच पैसे दुसऱ्यांदा जातात.

खात्यात जमा झालेली रक्कम विक्रीपेक्षा थोडी कमी असेल तर तो अडकलेला व्यवहार नसून शुल्क असू शकते. डेबिट कार्डावर वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्यावरील उलाढालीला ०.९० टक्के अशी मर्यादा १ जानेवारी २०१८ पासून आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्क नाही. मोठ्या दुकानात १०,००० रुपयांचे बिल व्हिसाच्या डेबिट कार्डावर झाले तर ९० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १६.२० रुपये वजा होऊन ९,८९३.८० रुपये जमा होऊ शकतात. क्रेडिट कार्डाचा दर करारात लिहिलेला असतो. महिन्याचे भाडेही याच खात्यातून वजा होते आणि मग तीन-चारशे रुपयांचा हिशेब जुळत नाही म्हणून नोकराची झाडाझडती होते, तेव्हा आधी कंपनीचे मासिक विवरण उघडावे.

तक्रार करताना

‘मशीन चालत नाही’ अशा तक्रारीवर ‘रीस्टार्ट करून पाहा’ असेच उत्तर येते. त्याऐवजी टर्मिनल क्रमांक, व्यवहाराची तारीख व वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक, पडद्यावरचा संदेश आणि उपलब्ध असेल तर बारा अंकी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, लिहून पाठवावा. आरआरएन पावतीवर असतो आणि पावती निघाली नसेल तर तो गिऱ्हाइकाच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा कंपनीच्या दुकानदारांसाठीच्या ॲपमध्ये सापडतो. सोबत वहीच्या त्या पानांचा फोटो जोडावा. ठरावीक वेळा आणि वेगवेगळ्या बँका कागदावर दिसल्या की सिम बदलून द्यायला किंवा मशीन बदलायला कंपनी सहसा आढेवेढे घेत नाही. तक्रारीचा क्रमांक मात्र लेखी घ्यावा.

याच काळात ‘मशीन कंपनीतून बोलतो, टेस्ट व्यवहार करा’ किंवा ‘मशीन सुरू करायला ओटीपी सांगा’ असे फोनही येतात. आपण स्वतः लावलेल्या मदत क्रमांकाखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून मशीनवर रिफंड किंवा व्यवहार करू नये. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नागपूरकर सवयीने संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत फाइल घेऊन पोहोचतात. पण या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन करता येतात आणि कागदावर लिहिलेल्या तक्रारी चंदीगडच्या केंद्राकडे पाठवायच्या असतात. कापलेल्या पैशांची तक्रार गिऱ्हाइकाने आपल्या बँकेविरुद्ध करावी, जमा न झालेल्या विक्रीची तक्रार दुकानदाराने मशीन देणाऱ्या बँकेविरुद्ध. दोघांनी एकमेकांचा अर्ज भरला तर तो परत येतो.